टकळी आणि वाहतूक खातं

टकळी परदेशी आली तेव्हा दहा वर्षांची होती, आणि तिथल्या भाषेतलं तिला एकच वाक्य येत होतं. "माफ करा, मला तुमची भाषा येत नाही." हे वाक्य बाबांनी प्रवासात तिच्याकडून घोटून घेतलं होतं. बाबा हाडाचे मास्तर. मायदेशी अठरा वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठे उतरवायचा, हे सगळं त्यांनी कॅसेट ऐकून आधी स्वतः शिकून घेतलं आणि मग मुलीच्या गळी उतरवलं. वाक्य इतकं सफाईदार बसलं की सगळा घोळ तिथेच झाला. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी काहीतरी विचारलं, टकळीने उभं राहून ते वाक्य म्हटलं, आणि वर्ग खो खो हसला. बाईंना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. इतकी शुद्ध बोलते आणि म्हणे भाषा येत नाही! त्यांनी पुन्हा विचारलं. टकळीने तेच वाक्य आणखी शुद्ध म्हटलं. तास संपेपर्यंत तिला दाराबाहेर उभं राहावं लागलं.

त्यानंतर तिने शाळेत तोंड उघडायचंच सोडलं. सहा-सात महिने ती मूग गिळून बसली. दिवसभर साठलेलं सगळं मग घरी बाहेर पडायचं. दारातून आत पाऊल टाकलं की जी सुरू व्हायची ती झोप लागेपर्यंत. आई म्हणायची, "अगं, श्वास तरी घे! मुलगी आहेस की टकळी?" तेच नाव चिकटलं. खरं नाव राहिलं ते फक्त शाळेच्या दाखल्यावर.

पण टकळी बोलायला शिकली ती आईकडूनच. आई रागावली की एका दमात बोलायची. वाक्याला वाक्य जोडलेलं, मध्ये कुठे सांधा नाही, आणि शेवटी हटकून यमक. ते तिचं तिला माहीतसुद्धा नव्हतं. "ओला टॉवेल गादीवर, चपला आल्या चादरीवर, आता चूल तेवढी आण माझ्या उशीवर!" असं ती भाजी निवडता निवडता सहज म्हणून जायची. बाबा कोपऱ्यात बसून बोटांची पेरं मोजायचे. मास्तरांना मात्रा मोजायची खोड. कुणी काही बोललं की ते अर्थाच्या आधी लांबी बघायचे.

बाबांचे कागद त्या देशात चालले नाहीत. पदवी होती, दाखले होते, पण शिक्का वेगळा होता. काही महिने खेटे घालून त्यांनी नाद सोडला आणि बसच्या डेपोत गाड्या धुवायचं काम धरलं. तिकडे मायदेशी त्यांचा धाकटा भाऊ होता, टकळीचा काका. त्याने त्यानंतरच्या पहिल्याच फोनवर विचारलं, "दादा, नोकरी कुठे लागली?" बाबा जरा थांबले आणि म्हणाले, "वाहतूक खात्यात."

तसं ते खोटंही नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात एक न लिहिलेला नियम झाला. दर रविवारी सकाळी काकाचा फोन आला की बाबा ताठ बसत, आवाज जरा जाड करत आणि खात्याबद्दल मोघम बोलत. "काम वाढलंय," "नवीन गाड्या आल्यात," "माणसं कमी पडतात." सगळं खरंच. तेवढा वेळ आई आणि टकळी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

तेराव्या वर्षी टकळीला तिची कला सापडली, तीही भांडणातून. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी मोठी मुलं मधल्या सुट्टीत ठेका धरून एकमेकांची उणीदुणी काढायची. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने यमक जुळवून परतवायचं, ज्याची बोबडी वळली तो हरला. एक दिवस एका दांडगटाने टकळीच्या चपलांवरून, डब्यावरून आणि गप्प बसण्यावरून चार ओळी हाणल्या. सगळे हसले. टकळीला तोवर भाषा बरीच कळत होती, पण रागाच्या भरात त्या भाषेतलं एक अक्षर आठवेना. मग तिने आईचं बोलणं सुरू केलं. जसंच्या तसं, त्याच वेगात, एक हात कमरेवर ठेवून. मिनिटभर ती थांबलीच नाही. मग अशी आरोळी उठली की शिपाई धावत आला. कुणाला शब्द कळला नव्हता, पण कोण जिंकलं याबद्दल कुणाला शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो दांडगट तिला एकटी गाठून म्हणाला, "एवढं सांग, काल मला काय म्हणालीस?"

टकळीने त्याला अर्थ सांगितला. न्हाणीघरातला नळ नीट बंद करत जा आणि दूध तापत ठेवून खिडकीत उभा राहू नकोस.

त्याने नळ बंद केल्यासारखा हात फिरवून बघितला. "तरी लागलं," म्हणाला.

शाळा संपल्यावर टकळी आईबरोबर हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली. मोठा थोरला हॉल. एका टोकाला धुलाईची यंत्रं, दुसऱ्या टोकाला रुळांची इस्त्री, आणि मध्ये ढकलगाड्यांवर चादरींचे डोंगर. चादर रुळातून कडक, गरम बाहेर यायची. दोघींनी दोन टोकं धरायची, मागे सरकायचं, झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक, पुन्हा मागे. दिवसाला सातशे चादरी. जवळ यायच्या त्या एका क्षणात आई एक वाक्य सुनवायची आणि मागे सरकायची. पुढच्या खेपेला टकळी उत्तर द्यायची. त्यांचं अख्खं भांडण चादरींच्या हिशेबाने चालायचं. हॉलमधल्या बाकीच्या बायकांना वाटायचं, या मायलेकी गाणी म्हणतात.

एक दिवस इस्त्री बंद पडली आणि वायरमन आला. तोही परदेशीच, पण दुसऱ्याच कुठल्या देशातला. उंच, सडपातळ, कानामागे पेन्सिल. त्याने काही न विचारता मेन स्विच ओढला आणि अख्खा हॉल अंधारात गेला. यंत्रं थांबली, अर्ध्या धुतलेल्या चादरी साबणात अडकल्या, आणि आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "दिव्याची वात दुरुस्त करायला बोलावलं तर सूर्य विझवून बसला! दात दुखतो म्हटलं तर मुंडकं उडवायला धावला! शिडीवर चढला म्हणून काय शहाणा झाला!"

मुकादम बाईंनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

टकळीने जागच्या जागी भाषांतर केलं. आता तिथल्या भाषेवर तिचा हात बसला होता. अंधारात, आईच्याच वेगात, आईच्याच तोऱ्यात, यमकासकट तिने सगळं उतरवलं. शिडीवरून वायरमनचा पेचकस खाली पडला.

"पुन्हा म्हण," तो वरून म्हणाला.

"आधी दिवे लाव," टकळी म्हणाली.

वायरमन घरी संगणकावर ठेके बनवायचा. वर्षभर त्याच्याकडे चाळीस ठेके तयार पडून होते आणि त्यावर बोलणारं माणूस मिळत नव्हतं. त्याने टकळीला रविवारी दुपारी ध्वनिमुद्रणाला बोलावलं. आई म्हणाली, "मीही येणार." टकळी म्हणाली, "आई, मी बावीस वर्षांची आहे." आई म्हणाली, "म्हणूनच येणार."

वायरमनची खोली म्हणजे एक अडगळीची जागा होती. आवाज घुमू नये म्हणून त्याने चारही भिंतींना जुन्या गाद्या उभ्या करून बांधल्या होत्या. बसायला जमीन. आईने दारातच कपाळावर हात मारला.

"अरे देवा! गाद्या भिंतीला आणि माणसं फरशीला! उद्या पंखा लावशील खुर्चीला! डोकं आहे की खोकं आहे? हलवून बघ, वाजतंय का!"

वायरमनला यातलं काही कळलं नाही, पण त्याचं बोट बटणावर गेलं होतं. त्याने ते पुन्हा वाजवलं, खाली ठेका सोडला, आणि टकळीकडे बघितलं. टकळीने डोळे मिटले. पहिलं गाणं तिथेच, तासाभरात झालं.

*गादी भिंतीला, माणूस फरशीला,*
*उद्या टांगाल पंखा खुर्चीला!*
*डोकं की खोकं? हलवून बघ,*
*आत काही वाजतंय का, कान लावून बघ!*

मधली कडवी तिथल्या भाषेत होती. लहान खोल्यांत मोठी कुटुंबं कशी मावतात, खाट दिवसा काय होते आणि पाहुणा आला की काय होते, असं सगळं. पण लोकांच्या तोंडात बसलं ते धृपद. पहिला कार्यक्रम झाला एका वाचनालयाच्या सभागृहात, संध्याकाळी पाचला, शंभर खुर्च्या. निवेदकाने नाव विचारलं. टकळीला दुसरं काही सुचलंच नाही, ती "टकळी" म्हणाली. त्या भाषेत ळ नाही. निवेदकाने छाती फुगवून पुकारलं, "आता येत आहे, टकली!" आणि कमरेपर्यंत केसांची वेणी घातलेली टकळी मंचावर आली. सभागृहात हसणारी व्यक्ती एकच होती, ती म्हणजे तिसऱ्या रांगेतली आई. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पुढे सगळ्या फलकांवर तेच नाव छापलं गेलं, आणि आई प्रत्येक वेळी तितकीच हसली.

गाणं पसरायला वेळ लागला नाही. आधी रेडिओवर, मग दुकानांत, मग व्यायामशाळांत. एक दिवस लाँड्रीतल्या बायका चादरी झटकताना "दोकं की कोकं" म्हणायला लागल्या, तेव्हा आईने काम थांबवून त्यांना ओळीत उभं केलं. "ख! ख म्हणा! घशातून!" अर्धा तास तिने उच्चार घेतले. मुकादम बाईसुद्धा रांगेत होत्या.

टकळीची गाडी रुळावर आली. दोन वर्षांत तिने लाँड्री सोडली. गावोगावचे कार्यक्रम, मोठे मंच, एकदा तर फुटबॉलचं मैदान. वायरमन ठेके बनवायचा, तारा जोडायचा आणि कुठेही पोचलं की आधी तिथला मेन स्विच कुठे आहे ते विचारून घ्यायचा. चौथ्या वर्षी दोघांनी लग्न केलं. आई म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. एवढ्या शिव्या खाऊन जो शिडीवरून उतरत नाही, तो टिकतो."

टकळी जे लिहायची ते आईच्या तोंडून आलेलं असायचं. नवं गाणं हवं असलं की ती माहेरी जायची, मुद्दाम चपला घालून आत यायची आणि वही उघडून बसायची. बाबा एवढंच बघायचे, की मापात आहे का. "दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त आहे," असं म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात जायचे. आणि जास्त असायचीच.

सत्ताविसाव्या वर्षी तिला वाटलं, आता बाबांवर लिहावं. मनापासून वाटलं. बाबांनी आपल्यासाठी खडू सोडून फडकं धरलं, हे जगाला कळायला हवं. रात्रंदिवस खपून तिने ते लिहिलं, आणि घरी कुणाला न दाखवता प्रसिद्ध केलं, अचानक आनंद द्यावा म्हणून.

*बाबा माझे साहेब वाहतूक खात्यात,*
*फाइल नाही, फडकं आहे हातात.*
*पाठ वाकलेली, आवाज ताठ,*
*दर रविवारी तोच खोटा पाठ.*

लोक रडले. परदेशातून आलेल्या शेकडो पोरांनी तिला पत्रं लिहिली, आमच्या बापाचंही असंच आहे म्हणून. टकळी हवेत होती. शनिवारी ती माहेरी गेली, तर दारातच जाणवावा असा घरात गारवा.

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मात्रा बरोबर आहेत."

आणि उठून आतल्या खोलीत गेले.

आई काहीच बोलली नाही. टकळी चपला घालून आत आली होती, तरी बोलली नाही. चपलांकडे बघितलं आणि पाठ फिरवली. आई रागावलेली तिने हजार वेळा पाहिली होती. आई गप्प बसलेली ती पहिल्यांदाच बघत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकाचा फोन आला नाही. सतरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता, तो चुकला. पुढच्या रविवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गाणं तिकडे पोचलं असणार, यात कुणाला शंका नव्हती. काकाला कळलं, चारचौघांत हसं झालं, त्याने संबंध तोडला. बाबा दर रविवारी सकाळी फोनजवळ बसत आणि दहा वाजता उठून जात.

टकळी वायरमनला म्हणाली, "मी गाणं काढून टाकते."

"टाक. पण लोकांच्या डोक्यातून कसं काढशील? तिथला स्विच मला माहीत नाही."

"मग काय करू?"

"ज्यांच्यावर लिहिलंस त्यांना विचार. मला काय विचारतेस? मी वायरमन आहे."

एवढं साधं. पण टकळीला आपल्याच बापाकडे जायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी ती डेपोत गेली. फाटकाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण इथे आयुष्यात पहिल्यांदा येतोय. गाणं लिहिलं, ते ऐकवून लोकांना रडवलं, आणि डेपो कधी बघितलाच नव्हता.

पहारेकऱ्याने विचारलं, "कोण पाहिजे?" तिने बाबांचं नाव सांगितलं. तो डोकं खाजवायला लागला. "गाड्या धुतात ते," ती म्हणाली. "हां, मास्तर! असं सांगा की. मागच्या अंगणात."

मागच्या अंगणात बाबा एका बसच्या टपावर उभे होते. गुडघ्यापर्यंत बूट, लांब दांड्याचा ब्रश, डोक्यावर पिवळी टोपी. पाठ वाकलेली नव्हती. वरून ते खालच्या माणसाला ओरडून सांगत होते, "आधी वरून! टप, काचा, अंग, शेवटी चाकं! खालून सुरू केलंस तर वरची घाण पुन्हा खाली येणार, दोनदा धुवावं लागेल! किती वेळा सांगायचं?" वर्गात ओरडत असतील तसंच.

टकळीला बघून ते उतरले. हातमोजे काढले. दोघं एका पालथ्या पिंपावर बसली.

"बाबा, माझं चुकलं. तुमचं गुपित मी फोडायला नको होतं."

"गुपित गेलं चुलीत," बाबा म्हणाले. "ते आज ना उद्या फुटणारच होतं. खोटं मी बोललो, ते माझ्या पदरात. तुझी चूक ती नाही."

"मग?"

बाबांनी हातमोजे गुडघ्यावर एकावर एक नीट ठेवले. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तू मला बिचारा केलंस, बाळा. गाण्यात मी बिचारा आहे. मान खाली, पाठ वाकलेली. लोक ऐकून रडतात म्हणे. कशाला रडतात? इथे मी यायच्या आधी बेचाळीस गाड्या धुवायला चार माणसं लागायची, तरी पहिली फेरी उशिरा सुटायची. मी महिनाभर वेळा टिपल्या. कुठली गाडी किती वाजता आत येते, कुठली आधी बाहेर जाते. क्रम लावून दिला. आता दोन माणसं पुरतात, उरलेली दोन दुरुस्तीला गेली, तीही खुश. साहेब मला मास्तर म्हणतात. त्यांच्या मुलीची गणितं मीच सोडवून देतो. मला शाळा सुटल्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी रडत बस धुतली नाही. तुझ्या काकाला खरं सांगायची लाज वाटली, ती मूर्खपणाची. पण कामाची लाज नव्हती."

टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी लगेच हात वर केला. "रडू नकोस. इथे पाणी भरपूर आहे."

ती हसली. मग नाक पुसून म्हणाली, "बाबा, मला ब्रश द्या."

बाबांनी तिला एक गाडी दिली. तिने चाकापासून सुरुवात केली आणि बाबांचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला.

त्या रविवारी बाबांनी स्वतः फोन लावला. आई, टकळी, वायरमन, सगळे बसले होते. पलीकडे काका होता. बाबा ताठ बसले नाहीत की आवाज जाड केला नाही.

"ऐक. तुला सांगायचं होतं. मी साहेब नाही. मी डेपोत गाड्या धुतो. पहिल्यापासून."

मग काका म्हणाला, "बरं. मग?"

"मग काय मग? तुला राग नाही आला?"

"दादा, सतरा वर्षं तू साहेब आहेस म्हणतोस, आणि सतरा वर्षांत एकदाही बढती झाली म्हणाला नाहीस. असला कसला साहेब? आम्हाला काय काही कळत नाही? इथे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुला सांगताना बरं वाटतं, म्हणून आम्ही विचारायचं सोडलं."

बाबांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं, जणू तो बिघडलाय.

"मग तीन आठवडे फोन का नाही केलास?"

"अरे, फोन पाण्यात पडला! टाकी साफ करायला वाकलो आणि खिशातून गेला. तुझा नंबर त्यातच. कागदावर लिहून ठेव म्हणून ही शंभरदा सांगते, पण ऐकतो कोण! आज नवा घेतला, तुझाच पहिला फोन आला. बाकी टकळी आहे का तिथे? तिला दे. तिला म्हणावं, गाण्यात दादा आहे, रविवार आहे, फोनपण आहे, मग मी कुठे आहे? पलीकडे काय भुताशी बोलतो का दादा?"

बाबा हसायला लागले. त्यांचं हसणं घरात क्वचितच ऐकू यायचं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हातातून फोन सुटला तो वायरमनने झेलला. आणि मग आईचं तोंड उघडलं.

तीन आठवड्यांचं साठलेलं होतं. एकेकाचा समाचार सुरू झाला. आधी काका, मग बाबा, शेवटी टकळी. "पाण्यात फोन बुडाला आणि आम्ही इथे सुतकात! हा तिकडे टाकीत वाकतो, हे इकडे फोनशी झुरतात! आणि तू गं, जगाचं बघून लिहितेस, घरचं बघायला डोळे नाहीत? बापाचं काम बघितलं नाहीस आणि बापाचं गाणं गातेस? आणि चपला! तीन आठवडे चपला घालून फिरतेयस, मी बोलत नव्हते म्हणून काय आंधळी झाले होते?" ती थांबेचना. इतकं धारदार, इतकं मापातलं ती आयुष्यात बोलली नव्हती. वायरमनने सवयीने खिशातून रेकॉर्डर काढला.

टकळीने त्याचा हात धरला. "नको. हे राहू दे. हे आमचं आहे."

त्याने तो परत खिशात ठेवला, आणि सगळे निमूटपणे बोलणी खात बसले.

बाबांवरचं गाणं टकळीने पुन्हा लिहिलं. या वेळी आठवडाभर डेपोत जाऊन, वही घेऊन. बाबांनी तिच्याकडून तीन कडवी खोडून घेतली. "हे खरं नाही. हे खरं आहे पण मापात नाही. हे दोन्ही नाही."

*टपापासून सुरू कर, चाकाशी थांब,*
*खालून धुणाऱ्याचा दिवस होतो लांब!*
*बेचाळीस गाड्या, माणसं दोन,*
*गणित सोडवलं, सांगा कोण?*

"मास्तर!" असं लोकांनी ओरडायचं. काकाला एक अख्खं कडवं मिळालं, टाकीसकट. खरं सांगायचं तर हे गाणं पहिल्याइतकं गाजलं नाही. लोकांना रडायला आवडतं. काही जाणकारांनी लिहिलं, की टकळीची धार गेली. पण डेपोतल्या चालकांनी ते उचलून धरलं. सकाळच्या पहिल्या फेरीला बेचाळीस बसमध्ये ते लागायचं, आणि अनोळखी माणसं खिडकीशी बसून हळूच "मास्तर" म्हणायची.

त्यानंतर टकळीने गाण्यांचे तीन संग्रह काढले. एक सपशेल पडला. त्यात तिने आईचं काहीच न घेता सगळं स्वतःच्या डोक्याने, फार गंभीर होऊन लिहिलं होतं. आई ऐकून म्हणाली, "चांगलं आहे. पण कोण वारलं?" पुढचे दोन चालले. त्यांत थोडं आईचं होतं, बरंच तिचं स्वतःचं.

पस्तिसाव्या वर्षी तिला तिकडून बोलावणं आलं, जिथून ती दहाव्या वर्षी निघाली होती. दुपारी चारचा कार्यक्रम, भरलेलं नाट्यगृह. निवेदकाने "टकळी" असं स्वच्छ ळ लावून पुकारलं, आणि ती दचकली. कार्यक्रम रंगला, पण पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुली मध्येच खुसखुसत होत्या. टकळी मंचावरून खाली आल्यावर त्यांनी तिला गाठलं.

"ताई, तुम्ही बोलता किती गोड! अगदी आमच्या आज्यांसारखं. खोकं, पेचकस, न्हाणीघर... आता कोण म्हणतं असं?"

टकळीला आधी जरा टोचलं. मग तिच्या ध्यानात आलं, आपली भाषा आपण पंचवीस वर्षांपूर्वी इथून उचलून नेली ती एकाच बाईच्या तोंडात जपून ठेवली. इथली पुढे गेली. तीही हसायला लागली. एक मुलगी म्हणाली, "ते शेवटच्या गाण्यात तुम्ही म्हणता, 'सूर्य विझवून बसला', त्याच्या पुढे काय आहे? तुम्ही तिथे थांबता."

"पुढचं मला पाठ नाही. ते म्हणणारीला विचारावं लागेल."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. परदेशात तेव्हा सकाळ होती, आई उठून नुकतंच चहाचं आधण ठेवत होती. पलीकडे पन्नास मुली आहेत हे कळल्यावर तिने आधी आढेवेढे घेतले. मी काय बोलणार, मला काय येतं. मग मुलींपैकी एकीने चुकून सांगितलं, की तिच्या खोलीत ओला टॉवेल खुर्चीवर पडलेला असतो. तिथून पुढे अर्धा तास आई थांबली नाही. मुली जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या, दोघी-तिघी लिहून घेत होत्या, आणि बाबा मागून मधूनमधून म्हणत होते, "आता ही ओळ लांबली."

नाट्यगृहाचा रखवालदार किल्ल्या घेऊन आला. टाळं लावायची वेळ झाली होती. तो टकळीच्या मागे उभा राहून ऐकत राहिला. मग त्याने खाकरून विचारलं, "ताई, त्या बाईंना विचाराल का एक? माझा मुलगा सकाळी उठतच नाही. त्याला काय म्हणावं?"

टकळीने फोन त्याच्या हातात दिला.